ताईचा श्वास आणि तीनमिन्टे साहेब

माझी ताई रागीट आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की भावाने झाकून ठेवलं. चहा गार मिळाला तरी ती चिडते, फार गरम मिळाला तरी चिडते. नवरा उशिरा आला तर चिडते आणि लवकर आला तर "नोकरी सोडलीत की काय?" म्हणून चिडते. आणि ही बाई पोट भरते ते श्वास रोखून! राग आला की छाती धडधडते, आणि छाती धडधडली की श्वास टिकत नाही. काम एक दिलं आणि स्वभाव दुसरा, असा सगळा प्रकार.

आमच्या कामाच्या जागी एक मोठा हौद आहे. साडेचार मीटर खोल, आतून निळ्या फरश्या, वर पत्र्याचं छप्पर, आणि क्लोरीनचा असा वास की घरी गेल्यावर जेवणालाही तोच वास येतो. हौदावर माझी क्रेन आहे आणि क्रेनला हेलिकॉप्टरची एक खोटी केबिन टांगलेली आहे. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर हेलिकॉप्टरने कामाला जाणारी माणसं आधी आमच्याकडे येतात. सहा-सहा जणांना पट्ट्यांनी खुर्च्यांना बांधायचं आणि मी बटण दाबायचं. केबिन पाण्यात जाते आणि उलटी होते. डोकं खाली, पाय वर, नाकात पाणी. अशा अवस्थेत पट्टा सोडून, खिडकी ढकलून बाहेर यायचं. बरेच जण येतात. एखादा मात्र गोठतो. दोन्ही हातांनी खुर्ची धरतो आणि सोडतच नाही. त्याला बाहेर काढायला पाण्यात ताई असते. तिच्या पाठीवर सिलिंडर नसतो, कारण सिलिंडर घेऊन खिडकीतून शिरता येत नाही. छातीत मावेल तेवढ्याच हवेवर काम.

अकरा वर्षं ती हे करते आहे. तिचा नेहमीचा वेळ होता दोन मिनिटं दहा सेकंदांचा. गोठलेल्या माणसाला काढायला पाऊण मिनिट लागतं, फार हट्टी असला तर सव्वा. म्हणजे दोन मिनिटं पुरून उरत होती. अकरा वर्षांत तिच्या हाताखालून एकही माणूस वाईट अवस्थेत वर आला नाही, आणि हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची. तिला त्या पाण्यातली आपली जागा जिवापलीकडे प्यारी होती. "मी नसले की ही पोरं एकमेकांकडे बघायचं सोडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतील," असं म्हणायची.

मग नवे साहेब आले.

बूट चकचकीत, हातात फाईल, पोहता येत नाही. हो, हौदाचा साहेब आणि पोहता येत नाही! पहिल्याच आठवड्यात त्यांनी हौदाच्या भिंतीवर एक पांढरी पाटी लावली. त्यावर चारही पाणबुड्यांच्या नावापुढे प्रत्येकाचा वेळ. वर लाल अक्षरांत, "लक्ष्य : तीन मिनिटं." वरच्या ऑफिसला माहितीपत्रकात छापायचं होतं म्हणे, की आमचे सगळे जीवरक्षक तीन मिनिटांचे आहेत. सहा आठवड्यांची मुदत. ज्याला जमणार नाही त्याची बदली सूटखोलीत, म्हणजे ओले रबरी सूट धुणं, वाळवणं आणि मोजून ठेवणं. त्या दिवसापासून साहेबांचं आडनाव आम्ही बदललं. तीनमिन्टे.

"केबिनमध्ये तीन मिनिटं कशाला लागतात?" ताईने भर बैठकीत विचारलं. "तीन मिनिटं कुणी आत राहिला तर त्याला पाणबुड्या नाही, खांदेकरी लागतील."

"मॅडम, क्षमता वाढवण्यात वाईट काय आहे?" तीनमिन्टे हसून म्हणाले.

यात वाईट काही नाही, हेच तर वाईट होतं. वाक्य बरोबर, माणूस चूक. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दुसरं त्यांनी केलं ते मात्र उघड वाईट होतं. आमच्याकडे ठोक्याची पद्धत होती. खाली कुणी श्वास रोखून बसला की दुसऱ्याने काठावर उभं राहायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला लोखंडी शिडीवर पाना आपटायचा. आवाज पाण्यात घणघणत खाली जातो. खालच्याने एक बोट वर करायचं. बोट नाही आलं तर पुन्हा ठोका. तरीही नाही आलं तर विचार न करता उडी. ही पद्धत ताईला शिकवली तिच्या उस्तादाने, आणि ताईने बाकीच्यांना, प्रसंगी धपाटे घालून. तीनमिन्ट्यांनी ती बंद केली. ठोक्याने लक्ष विचलित होतं आणि वेळ पाच-दहा सेकंदांनी कमी भरतो, असं त्यांनी कागदावर लिहून सही केली.

लांब्याला हे फार आवडलं. लांब्या म्हणजे आमचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात उत्साही पाणबुड्या. नुकतंच लग्न झालेलं, बायकोला पाटीचे फोटो पाठवणारा. मनाने चांगला. पण त्याने कुठून तरी भाता मारायचं शिकून घेतलं होतं. पाण्यात जाण्याआधी लोहाराच्या भात्यासारखे तीस-चाळीस श्वास भराभर घ्यायचे आणि सोडायचे, मग डुबी. पहिल्याच दिवशी त्याचा वेळ अर्ध्या मिनिटाने वाढला. पाटीवर त्याचं नाव वर सरकलं आणि साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

ताईने त्याला सूट अंगात अर्धा चढवलेला असतानाच गाठलं.

"अरे शहाण्या, श्वास घ्यावासा वाटतो ना, तो आपला राखणदार आहे. भाता मारून तू त्याला सुट्टी देतोस. हवा काही वाढत नाही, ओरडणारा तेवढा गप्प होतो. मग एक दिवस घरात चोर शिरेल आणि तुला कळणारसुद्धा नाही."

"ताई, तुम्हाला जमत नाही म्हणून असं बोलता," लांब्या म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला.

त्या संध्याकाळी ताई माझ्याशी, भाऊजींशी, रिक्षावाल्याशी आणि दाराच्या कुलपाशी भांडली. मग म्हणाली, "तीन मिनिटं करून दाखवते. भाता न मारता."

पुढचे पाच आठवडे त्या घराची जी दशा झाली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. ताई रोज पहाटे बैठकीच्या खोलीत जमिनीवर आडवी व्हायची. दीड मिनिट श्वास रोखायचा, मग दोन मिनिटं विसावा. पुन्हा दीड मिनिट, मग पावणेदोन मिनिटं विसावा. असं आठ वेळा, दर वेळी विसावा थोडा कमी. शेवटच्या फेऱ्यांना तिचं पोट उचकी लागल्यासारखं आत-बाहेर उडायचं आणि ती त्या उचक्या बोटांवर मोजायची. काल अकरा आल्या, आज चौदा. घाबरायचं नाही, मोजायच्या. पाण्यात सराव करायचा तर मला काठावर पाना घेऊन उभं करायची. साहेबांचा कागद गेला चुलीत. संध्याकाळी जिन्याने चौथ्या मजल्यापर्यंत श्वास रोखून चढणं, मधल्या मजल्यांवरच्या बायकांनी "काय ताई, कशा आहात?" विचारलं तर नुसती मान हलवणं. दोघींनी त्यावरून अबोला धरला. कांदा चिरताना श्वास बंद. भाची विचारायची, "आई, उद्या सहलीला जाऊ का?" आणि आई बोलायचीच नाही. मग भाची म्हणायची, "मौनं संमतिः!" आणि पळायची.

भाऊजी लिफ्टदुरुस्तीच्या कामाला आहेत, शांत माणूस. मला म्हणाले, "मेहुणे, लग्नाला सोळा वर्षं झाली, घरात सलग अडीच मिनिटं शांतता पहिल्यांदाच ऐकतोय. साहेबांना माझा नमस्कार सांगा."

पण दोन मिनिटं वीस सेकंदांवर ताई अडकली. काही केल्या काटा पुढे सरकेना. एकदा पाण्यातून वर आली, मास्क काठावर आपटला आणि म्हणाली, "खाली गेले की तो माणूस माझ्या डोक्यात येऊन बसतो. त्याचे ते बूट! मी त्याच्याशी भांडत बसते आणि सगळी हवा त्यालाच जाते."

"शांत हो ना जरा," मी म्हणालो.

"शांत हो म्हटल्यावर कधी कुणी शांत झालंय का? तुझ्या जन्मात?"

मग तिनेच तोड काढली. पाण्यात उतरण्याआधी काठावर बसून ती साहेबांना पोटभर शिव्या घालू लागली. पुटपुटत, क्रमाने, एकही न गाळता. मी साक्षीदार. शिव्या संपल्या की दोन मिनिटं गप्प, साधे सावकाश श्वास, आणि मग खाली. हसू नका. पहिल्याच दिवशी दोन मिनिटं बत्तीस सेकंद झाले. पाचव्या आठवड्याच्या शेवटी दोन बावन्न. बेचाळिसाव्या वर्षी, एकही भाता न मारता, दर अर्ध्या मिनिटाला बोट वर करत. मी काठावर उभ्याउभ्या रडलो. ती म्हणाली, "रडतोस काय गधड्या, आठ सेकंद कमी आहेत."

चाचणीच्या दिवशी हौदावर आम्ही चौघंच होतो. बाकी दोन पाणबुड्यांची चाचणी आदल्या दिवशी कशीबशी पार पडली होती. त्या दिवशी आधी लांब्या, मग ताई. मी घड्याळ धरलेलं, साहेब मोबाइल धरून चित्रीकरणाला उभे. खाली फरशीत एक लोखंडी कडी बसवलेली आहे. कमरेला शिशाचा पट्टा बांधून ती कडी धरायची आणि बसायचं.

"ठोका द्यायचा," ताई म्हणाली.

"मॅडम, सूचना वाचली नाहीत का? तुम्हाला तुमच्या पाळीची तयारी करायची असेल तर तिकडे बसा."

ताई बसली नाही. लांब्याने भाता मारला, चाळीस तरी श्वास असतील, आणि गेला खाली.

दोन मिनिटं झाली. अडीच झाली. तीन झाली आणि साहेबांनी मूठ हवेत उडवली. सव्वातीन. मी घड्याळावर नजर लावून ओरडत होतो, "शाबास लांब्या, शाबास!" आमच्या धंद्यात हलणारा माणूस कच्चा आणि निश्चल बसणारा पक्का. लांब्या खाली इतका निश्चल बसला होता की साहेब म्हणाले, "बघा, याला म्हणतात मनावरचा ताबा!" आणि मला ते पटलं. मला! क्रेनवर आठ वर्षं काढलेल्या माणसाला पटलं!

तेवढ्यात शेजारी धप्पकन पाणी उडालं. ताई मास्क न लावता, एकही तयारीचा श्वास न घेता पाण्यात गेली होती. तिने तळाशी त्याच्या कमरेचा पट्टा सोडला, काखेत हात घातला आणि त्याला वर आणलं. लांब्याचे ओठ जांभळे पडले होते. डोळे अर्धे उघडे आणि त्यांत कुणी नाही. ताईने त्याचा मास्क ओरबाडला, तोंडावर फुंकर मारली, गालावर चापट मारली. "श्वास घे! ए लांब्या, श्वास घे, श्वास घे मेल्या!" दहा सेकंद गेले असतील. मग त्याच्या घशातून आवाज आला आणि तो श्वास घेऊ लागला.

मी घड्याळ बंद केलं. तीन मिनिटं एक्केचाळीस.

साहेबांनी काय करावं? पाटीवर लिहिलं, तीन एक्केचाळीस. लांब्याला खुर्चीवर बसवून टॉवेल दिला, आणि वीस मिनिटांनी ताईला म्हणाले, "चला मॅडम, आता तुमची पाळी. आज मुदत संपते." तिची नजर अजून लांब्याच्या ओठांवर होती. ती उतरली, कारण न उतरणं म्हणजे नापास. दोन मिनिटं पाच सेकंद. अकरा वर्षांत तिचा एवढा कमी वेळ कधीच भरला नव्हता.

सोमवारपासून ती सूटखोलीत गेली.

ताईने वरच्या ऑफिसला तक्रार लिहिली, तेव्हा चौकशीचे छापील कागद आले. पाणबुड्या बेशुद्ध झाला होता का? साहेबांनी लिहिलं, नाही, थकला होता. मोबाइलमध्ये नुसतं चमकतं पाणी आणि वरच्या दिव्यांची प्रतिबिंबं. पुढचं काही नाही, कारण पाणी उडाल्यावर साहेबांनी आधी मोबाइल आणि बूट सांभाळले होते. लांब्याने लिहिलं, "मी ठीक होतो. मी वर येतच होतो, ताईंनी मध्येच धरलं." आणि मी? मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत लिहिलं, "माझं लक्ष घड्याळाकडे होतं." अक्षर न अक्षर खरं. साहेब माझ्या डोक्यावर उभे होते, क्रेनची नोकरी होती, घरचं पोटापाण्याचं होतं. कारणं काय, पावशेर मागितली तर शेरभर मिळतात. जांभळे ओठ मी पाहिले होते, आणि ते मी लिहिले नाहीत.

सूटखोलीत जाऊन मी तिला हे सांगितलं. ती मोठ्या पिंपात सूट बुडवत होती. मला वाटलं, आता पिंपात माझं डोकं जाणार.

"माझी जागा गेली तर गेली," ती म्हणाली. आवाज बारीक होता आणि म्हणूनच मला भीती वाटली. "पण लांब्या खोटं बोलत नाहीये रे. त्याला खरंच माहीत नाही! बेशुद्ध पडलेल्याला आपण पडलो हे आठवत नाही. तो स्वतःला तीन एक्केचाळीसचा समजतोय. तो परत करणार. आणि काठावर कोण असेल? तू. घड्याळ बघत."

असं आजवर मला कुणी मारलेलं नाही.

मी तडक जाऊन लांब्याला बोलावून आणलं. दुपारी त्याचा सराव होता आणि तो चारचं लक्ष्य ठेवून आला होता. खोलीत रबराचा वास, दोरीवर ओळीने टांगलेले सूट, आणि त्यांच्यामध्ये हात पुसत उभी असलेली ताई. लांब्याने आधीच तोंड फुगवलं होतं.

"ताई, तुमच्यामुळे माझी चार मिनिटं हुकली. तरी मी कुणाला काही बोललो नाही."

"बोलू नकोस. सांग फक्त," ताई म्हणाली. "कडी धरून बसला होतास. नंतर?"

"नंतर काय, बसलो होतो. मस्त वाटत होतं. कसलाही त्रास नाही."

"नंतर?"

"नंतर तुम्ही माझ्या तोंडावर ओरडत होता. काठावर."

"काठावर कसा आलास?"

"आलो म्हणजे... वर आलो."

"पट्टा कुणी सोडला?"

लांब्याचा हात आपोआप कमरेकडे गेला. तो पट्टा डाव्या हाताने सोडायचा, खटका दाबून टोक ओढायचं. रोज करतो तो. त्याची बोटं हवेत तशी हलली आणि थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं. आता माझ्याकडे बघायला घड्याळ नव्हतं.

"पट्टा सोडून तीच वर घेऊन आली तुला," मी म्हणालो. "तुझे ओठ जांभळे होते. दहा सेकंद तू श्वास घेत नव्हतास. मी बघितलं, लांब्या. आणि लिहिलं नाही."

तो जमिनीवरच बसला, ओल्या फरशीवर. मग म्हणाला, "ताई, घरी टबमध्ये मी रोज करतो. दार लावून."

ताईने हातातला ओला सूट त्याच्या अंगावर फेकला. आणि मग जी काही सुरू झाली, ती दार बंद करून ऐकण्यासारखी होती. त्याची अक्कल, त्याच्या बायकोचं नशीब, माझं घड्याळ, साहेबांचे बूट, कुणालाच तिने सोडलं नाही. सगळं बोलून झाल्यावर तिने त्याच्यापुढे कागद ठेवला, आणि माझ्यापुढेही.

तो कागद वरच्या ऑफिसला गेला. ठोके परत सुरू झाले, पाटी उतरली आणि ताई महिन्याभराने पुन्हा पाण्यात आली, दोन मिनिटं बावन्न सेकंदांवर. तीनमिन्टे अजून आहेत. त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि त्याचा मला आजही संताप येतो. पण कागदावर आमच्या दोघांच्या सह्या आहेत आणि मजकूर दोनच ओळींचा आहे. वरची ओळ लांब्याची : "कडी धरून बसलो होतो, त्यानंतर काठावर येईपर्यंतचं मला काहीही आठवत नाही." खालची माझी : "आणि मी तेव्हा वर उभा राहून शाबास म्हणत होतो."